दोन कप्पे आणि सदतिसावं गाणं

सोयराबाईने मंगळवारी सकाळी उप्पिटात आधणाचं पाणी ओतता ओतता ठरवून टाकलं, की गाडीतली ती लोंबती वायर रविवारच्या आत नजरेआड झाली पाहिजे. बाकीच्या बायका असल्या गोष्टी नवऱ्याला विचारून ठरवतात म्हणे. सोयराबाई आधी ठरवायची आणि मग नवऱ्याला बशीत वाढायची.

"वायर कप्प्यातून न्यायची," बशी पुढं सरकवत ती म्हणाली.

"कुठली वायर?" व्यंकोजीने विचारलं.

"तुमचं तोंड बंद ठेवते ती."

व्यंकोजीला कळलं. तो मुकाट्याने उप्पिट खायला लागला.

भानगड अशी होती. मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घरासमोर बारा वर्षं जुनी, दुसऱ्याने वापरून कंटाळलेली गाडी. रंग मूळचा चंदेरी, आता ढगाळ. गाडीत जुन्या पद्धतीचा टेप. त्यांचा मुलगा ऋतुराज नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा आईच्या हातात साबणाच्या वडीएवढा एक प्लेअर ठेवून गेला. त्यात चारशे गाणी. सोयराबाईने त्यातलं एकच आपलं म्हटलं. सदतिसावं. (आधीची छत्तीसही तिने ऐकली होती, पण मोजण्यापुरती.)

त्या गाण्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, गाणारणीचंही नाही. सुरुवातीला बासरी. मग सात श्वास काहीच नाही. मग एक बाई खालच्या आवाजात सुरू व्हायची, शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ नुकतंच झोपलंय अशी. तो आवाज आला की सोयराबाई डोळे मिटायची आणि गाडी हळूच रस्ता सोडायची. म्हणजे व्यंकोजी रस्त्यावरच असायचा, मागचा बसवाला हॉर्न मारून त्याचे पूर्वज काढत असायचा. फक्त सोयराबाईच्या बाजूची चाकं वर उठायची. दोन्ही बाजूंची गुलाबी फुलांची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी हलायची. मग एक तळं यायचं, तळ्याला दगडी पायऱ्या, आणि पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी. चौथीनंतर शाळा सुटली त्या वर्षीची सोयरा. पाय पाण्यात सोडून बसलेली. आणि तिला कुणीही हाक मारत नाहीये.

तेवढंच ते स्वप्न. त्यात सोनं नाही, बंगला नाही. कुणी हाक मारत नाहीये, एवढंच. एकतीस वर्षं "सोयरा, मीठ कुठंय", "आई, माझा मोजा", "अक्का, नळाला पाणी आलं" असं ऐकलेल्या बाईला विचारा, हे केवढं मोठं स्वप्न आहे ते.

पण वायर टेपच्या पुढच्या भोकातून निघायची, गिअरवरून झोका घ्यायची आणि सोयराबाईच्या मांडीवरच्या प्लेअरला येऊन मिळायची. व्यंकोजीने तिसरा गिअर टाकला की त्याच्या बोटांची हाडं वायरला लागायची आणि वायर सुटायची. बेंगळूरच्या ट्रॅफिकात तिसरा गिअर रोज कुणाच्या नशिबी येतो? पण आला, की गाणं तुटलंच. आणि गाणं तुटलं, की व्यंकोजी सुरू.

"अगं, इथं पूर्वी एक सोड्याचं दुकान होतं. मालकाला उजव्या हाताला सहा बोटं. तर एकदा काय झालं..."

नवरा-बायकोत तह झालेला होता. गाणं वाजतंय तोवर व्यंकोजीने तोंड उघडायचं नाही. गाणं थांबलं, तर त्याला मोकळीक. तहाची कलमं सोयराबाईनेच घातलेली, त्यामुळे मोडताही येत नव्हती. सहा बोटांच्या माणसाची गोष्ट तिने नऊदा ऐकली होती. एकदा काय झालं ते नऊही वेळा वेगवेगळं होतं.

आणि आता रविवार येत होता. रविवारी दोघंच नंदी बेट्टाच्या, म्हणजे नंदीच्या डोंगराच्या, रस्त्याने फिरून येणार होते. दोघंच! एकतीस वर्षांत आधी स्कूटरवर आणि मग गाडीत त्यांच्यासोबत कायम कुणी ना कुणी असायचं. मुलगा, मावशी, मावशी नसेल तर तांदळाचं पोतं. जायला दीड तास, यायला दीड तास. तीन तास अखंड सदतिसावं गाणं, मिटलेले डोळे, आणि शेजारी गप्प नवरा. सोयराबाईने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. (मागितलं होतं, पुष्कळदा, आणि मोठ्याने. पण मिळणारं हे पहिलंच होतं.)

म्हणून बुधवारी, व्यंकोजी कंपनीच्या बसने बोम्मसंद्र्याला कामावर गेल्यावर, तिने नंजप्पाला फोन लावला.

नंजप्पा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. मोठा मिशाळ, हाताचा सफाईदार आणि मनाचा लोण्यासारखा. त्याला मराठी येत नव्हती. त्याचं काही अडायचं नाही, कारण सोयराबाईला कन्नड मराठीइतकीच येते. भांडायला तर ती कन्नडच वापरते, शब्द कसे टपाटप पडतात. तिचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या गावात आले. घोडे गेले, तलवारी गेल्या, घरात मराठी तेवढी राहिली, आणि इतकी वर्षं कन्नड शेजारणीकडे जाऊन येऊन त्या मराठीनेही शेजारणीच्या बांगड्या हातात चढवल्या. कुठला शब्द आपला आणि कुठला त्यांचा, हे सोयराबाईने कधी तपासलं नव्हतं. लागेल तेव्हा तोंडात येतो ना? झालं तर.

पण इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मराठीत कप्पा म्हणजे खण. एक कप्पा, दोन कप्पे. आणि कन्नडमध्ये कप्पे म्हणजे बेडूक.

"नंजप्पा," सोयराबाई फोनवर झकास कन्नडमध्ये म्हणाली, "आमच्या गाडीत पुढं दोन कप्पे आहेत. बघितलेत ना तू?"

"नाही अक्का," नंजप्पा दचकून म्हणाला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. गाडीबरोबरच आले."

"बारा वर्षं?"

"मग? चांगले दणकट आहेत. वरच्याचं तोंड मिटत नाही, त्याला मी रबरबँड लावलंय. तो राहू दे. खालचा मोठा आहे, त्यात वायर घालायची."

पलीकडे पान्हा खाली पडल्याचा आवाज आला.

"वायर... तोंडातून, अक्का?"

"तोंडातून कशाला? तोंड बंदच ठेवायचं. पाठीला भोक पाड. पाठीतून वायर आत घ्यायची आणि प्लेअर आतच ठेवायचा. वरून कुणाला काही दिसता कामा नये."

"अक्का," नंजप्पाचा आवाज बारीक झाला, "त्याला त्रास नाही व्हायचा?"

"कुणाला?"

"कप्पेला."

"हे बघ, तो वरचा माझ्या नवऱ्याची छत्री, कंगवा, गाडीची कागदं, सगळं पोटात घेऊन बसलाय इतकी वर्षं. मग खालच्याला एका वायरीने काय होतंय? उद्या दुपारी ये. आणि ड्रिल आण."

फोन ठेवून ती भांडी घासायला बसली. पितळी तांब्याच्या पोटात तिचा चेहरा लांबट होऊन हलत होता, आणि त्या चेहऱ्यामागे बासरी वाजत होती. तिकडे नंजप्पा आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून घाम पुसत होता. साप असता तर त्याने धरला असता. बेडकाचं त्याला लहानपणापासून भय. साप निदान जाताना सांगून जातो, बेडूक कुठं उडी मारील त्याचा नेम नाही. त्यात अक्काला नाही म्हणायचं म्हणजे त्याहून मोठं भय. तेव्हा त्याने मधला मार्ग काढला. इंदिरानगरातली एक मुलगी अडकलेले प्राणीपक्षी सोडवायला स्कूटरवरून येते, तिचा नंबर त्याच्याकडे होता. त्याने तिला फोन केला आणि जेवढी इंग्लिश येत होती तेवढीत सांगितलं. टू फ्रॉग. कार इनसाइड. मॅडम व्हेरी अँग्री. वन माउथ नो क्लोज. टुमारो बॅक ड्रिल.

गुरुवारी दुपारी गल्लीत गुलाबी फुलांचा सडा पडला होता आणि ऊन त्यावर झोपलं होतं. सोयराबाई दारात आली तर गाडीच्या अलीकडे दहा पावलांवर नंजप्पा उभा, आणि त्याच्यापुढे हेल्मेट घातलेली एक मुलगी. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, काखेत झाकणाची प्लास्टिकची पेटी. पेटीच्या झाकणाला श्वासासाठी भोकं.

"काकू, मी मुग्धा," मुलगी मराठीत म्हणाली. पुण्याची होती, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इथं आलेली. "प्लीज पॅनिक होऊ नका. मला फक्त सांगा, ते दोघं कुठं आहेत?"

"कोण दोघं? मालक कामावर गेलेत. मी एकटीच आहे."

"नाही, ते गाडीतले. एकाचं तोंड मिटत नाही म्हणे."

"हां, तो वरचा! त्याची खिट्टी तुटलीय. रबरबँड लावून ठेवलंय."

"काकू!" मुग्धाने हेल्मेट काढलं. "रबरबँड? तोंडाला?"

"मग काय करू? उघडा ठेवला तर ब्रेक मारला की सगळं बाहेर ओकतो."

"ओकणारच ना! आणि खालच्याच्या पाठीत तुम्ही ड्रिल करणार आहात?"

"मी कशाला? हा नंजप्पा करील."

"नाही, नाही," नंजप्पा मागच्या मागे दोन पावलं सरकला. त्याला मराठी कळली नव्हती, पण आपलं नाव आणि ड्रिल हे दोन शब्द पुरेसे होते.

मुग्धा शांतपणे म्हणाली, "काकू, हे क्रूर आहे. आणि इल्लीगल आहे. यासाठी जेल होऊ शकते."

आता सोयराबाईचं डोकं फिरलं. समोरच्या गॅलरीत वसुमतीबाई कपडे वाळत घालायच्या निमित्ताने उभी होती, तिने तोच टॉवेल तिसऱ्यांदा झटकला.

"जेल?" सोयराबाईने पदर खोचला. "माझी गाडी, माझा कप्पा, मी पाठीत भोक पाडीन नाहीतर पोटात! पुण्याहून येऊन तू मला शिकवणार? तुझ्या गाडीला नाहीत कप्पे?"

"माझ्याकडे स्कूटर आहे."

"स्कूटरला पण असतो एक. पुढं, गुडघ्याजवळ."

मुग्धाने नकळत मान वळवून आपल्या स्कूटरकडे बघितलं. मग परत सोयराबाईकडे. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

"काकू, एक मिनिट. तुम्ही नेमकं कशाबद्दल बोलताय?"

"कशाबद्दल म्हणजे? ये, दाखवते!" सोयराबाईने गाडीचं दार उघडलं आणि डॅशबोर्डवर चापट मारली. "हा कप्पा!"

चापटीने रबरबँड तुटलं. वरच्या कप्प्याने आ वासला आणि छत्री, कंगवा, खोबरेलची बाटली, विम्याची कागदं, गोळ्यांच्या चांद्या, सगळं मुग्धाच्या भोकांच्या पेटीवर धडाधडा पडलं. नंजप्पा किंचाळून वसुमतीबाईच्या फाटकावर चढला.

मुग्धाने पेटीवरची छत्री उचलून बाजूला ठेवली. "हा... कप्पा."

"मग मी काय म्हणत होते?"

"नंजप्पा," मुग्धा फाटकाकडे वळली, "यू सेड फ्रॉग."

"कप्पे म्हणजे फ्रॉगच की, मॅडम!" नंजप्पा वरूनच ओरडला.

सोयराबाईचा उगारलेला हात हवेतच राहिला. कप्पे म्हणजे बेडूक हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी तिने शेजारच्या मुलींबरोबर कप्प्यांवर, म्हणजे बेडकांवर, दगड मारले होते. फक्त ते दोन शब्द तिच्या डोक्यात आयुष्यभर शेजारी शेजारी राहिले आणि एकमेकांच्या घरी कधी कॉफीलासुद्धा गेले नाहीत. आज त्रेपन्नाव्या वर्षी, भर दुपारी, ते दोघे एकदम तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. कालचं फोनवरचं बोलणं तिला पहिल्यापासून आठवलं. पाठीला भोक पाड. तोंड बंदच ठेवायचं. तिचा चेहरा कानांपर्यंत तापला.

मुग्धा तोवर पायरीवर बसून पोट धरून हसत होती. हसता हसता तिने मोबाईल काढला, कारण प्रत्येक कामाची नोंद तिला करावी लागे. काय टंकलं ते तिने सोयराबाईला दाखवलं. प्राणी: नाही. कारण: मराठी.

सोयराबाईने तिला फिल्टर कॉफी पाजली आणि दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसू नये हेही सांगितलं. पोरगी गेली तेव्हा कुठं नंजप्पा फाटकावरून उतरला. शरमेने आणि सुटकेने त्याचे हात भराभर चालायला लागले. त्याने खालच्या कप्प्याच्या दोन्ही कुशी आत दाबल्या, तसा तो अख्खा निसटून त्याच्या मांडीवर आला. मागे काळोख. सोयराबाईने वाकून त्यात बघितलं.

तिथं गाडीचं पोट होतं. रंगीबेरंगी वायरी मुळांसारख्या गुंतून खाली गेल्या होत्या, आणि त्यांच्या बेचक्यांत, काचेखालच्या जाळीतून कधी कधी आत पडलेली, वर्षानुवर्षांची गुलाबी फुलं वाळून बसली होती. जुन्या पत्रांसारखी, कागदी. आत कुणाचाही आवाज पोचत नव्हता. सोयराबाई तिथं डोकं घालून इतका वेळ राहिली की नंजप्पाला वाटलं, अक्का अडकली.

"अक्का? ड्रिल लावू?"

"लाव," ती आतूनच म्हणाली. "फुलं काढू नकोस."

त्याने कप्प्याच्या पाठीला भोक पाडलं, कडेने वायर कापू नये म्हणून रबराची चकती बसवली, टेप बाहेर ओढून वायर त्याच्या मागच्या बाजूला जोडली आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकली. सगळं चोख. फक्त वायर चार बोटं कमी पडली. प्लेअर कप्प्यात आडवा राहीना, झाकणाला टेकून उभा ठेवावा लागत होता.

"स्वल्प अॅडजस्ट माडि, अक्का," नंजप्पा हात जोडून म्हणाला. थोडं सांभाळून घ्या.

एरवी सोयराबाईने त्याला त्याच पावली दुकानात पिटाळून लांब वायर आणायला लावली असती. तिने जन्मात कधी अॅडजस्ट केलेलं नाही. पण ज्या माणसाला आपण बेडकाच्या पाठीत ड्रिल घालायला सांगितलं, त्याच्याशी किती तावातावाने बोलणार?

"सरी," ती म्हणाली. असू दे.

संध्याकाळी व्यंकोजी आला तोवर गल्लीभर झालं होतं. दूधवाल्याने त्याला कोपऱ्यावरच विचारलं की घरी बेडूक पाळलेत का. व्यंकोजीने घरात येऊन बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. बोलका होता, पण एकतीस वर्षं संसार केलेला होता.

रविवारी सकाळी दोघं निघाले. सोयराबाईने निळी साडी नेसली होती. पुढच्या सीटवर बसली, कप्पा उघडला, सदतिसावं गाणं लावलं, ते संपलं की पुन्हा तेच लागेल असं बटण दाबलं, प्लेअर उभा केला आणि झाकण लावलं. टक्. कुठंही वायर नाही. मांडीवर काही नाही. समोर नुसता गुळगुळीत डॅशबोर्ड, आणि त्याच्या पोटातून बासरी.

व्यंकोजीने तिसरा गिअर टाकला. बासरी तुटली नाही. त्याने तोंड उघडलं, मिटलं.

सात श्वास. मग तो आवाज. सोयराबाईने डोळे मिटले.

गाडी यावेळी नुसती एका बाजूने नाही, अख्खी उचलली गेली. खाली सगळा रस्ता दिव्यांच्या माळेसारखा सैल पडला. गुलाबी झाडं मागे गेली, द्राक्षांचे मांडव आले, त्यांच्यावरून गाडी इतकी खालून तरंगत गेली की पानं चाकांना लागत होती. मग तळं. मग पायऱ्या. दोन वेण्यांची मुलगी सरकून बसली, सोयराबाईला जागा दिली. दोघींनी पाय पाण्यात सोडले. कुणी हाक मारली नाही. गाणं कधी पाण्यात विरघळलं ते कळलं नाही. मग काठच्या गवतातून एक बेडूक बोलायला लागला. एकसुरी, भरघोस, पोटातून. तो शेड नंबर दोनविषयी काही सांगत होता. एका लोखंडी रॅकविषयी सांगत होता. ब्याण्णव सालच्या पावसाळ्याविषयी, जळगावच्या एका साहेबाविषयी. बेडकाला एवढं माहीत आहे याचं तिला नवल वाटलं नाही. त्याचं बोलणं पायांवरून पाण्यासारखं जात होतं आणि बरं वाटत होतं. मधेच तो म्हणाला, "चालेल ना तुला?" मुलगी झोपाळू डोळ्यांनी हसली. सोयराबाई म्हणाली, "हूं."

"आलं घर," बेडूक म्हणाला.

सोयराबाईने डोळे उघडले. समोर वसुमतीबाईचं फाटक. ऊन डोक्यावर आलेलं.

"आपण निघालो नाही अजून?" तिने विचारलं.

"जाऊन आलो की!" व्यंकोजी म्हणाला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता. लग्नातसुद्धा तो असा दिसला नव्हता. "नंदीला पार्किंग फुल होतं. परत फिरू का विचारलं, तू हूं म्हणालीस."

"आणि गाणं?"

"ते हेब्बाळच्या पुलावरच थांबलं. खड्ड्यात गाडी आदळली, आतल्या आत झाकणाने बटण दाबलं गेलं असणार. मी गप्प राहिलो हं. तह म्हणजे तह. मनात शंभर मोजले, तुला वेळ दिला. पण तू कप्पा उघडलाच नाहीस." त्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली. "तेव्हा मला कळलं, आज तुला माझंच ऐकायचंय."

सोयराबाईने तोंड उघडलं. 'मी झोपले होते' हे तीन शब्द जिभेवर तयार होते.

"एकदासुद्धा मधे बोलली नाहीस," व्यंकोजी स्टिअरिंगवर हात फिरवत म्हणाला. "डोळे मिटून, देवळात बसल्यासारखी. मधे मधे दाद पण देत होतीस. रॅक पडायची गोष्ट सांगितली तेव्हा तर हुंदका फुटल्यासारखा केवढा आवाज काढलास! अगं, दिवसभर मी कंपनीच्या त्या स्प्रिंगांच्या स्टोअरमध्ये एकटा. मशीनच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. स्प्रिंगांशी काय बोलणार? चौतीस वर्षं सगळं मनात साठवून घरी यायचो, आणि घरी..." तो थांबला. "जाऊ दे. आज बोललो."

जिभेवरचे तीन शब्द सोयराबाईने गिळले. असं तिने आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि सांगते, फार कडू लागतात.

"बरं वाटलं ना?" ती म्हणाली. "झालं तर."

"मग उद्याच देतो अर्ज."

"कसला?"

"तू हूं म्हणालीस तो! दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हूं. मुदतीआधी निवृत्ती. कंपनी देतेय. मी म्हटलं, आणखी तीन वर्षं त्या स्प्रिंगांत काढण्यापेक्षा घरी तुझ्याजवळ बसावं. तू नको म्हणाली असतीस तर विचार सोडला असता." त्याने तिच्याकडे बघितलं. "तुझ्या मनात आहे ना?"

गल्लीत एक गुलाबी फूल काचेवर पडलं, घसरलं आणि जाळीतून आत गेलं. बाई तिखट होती, दुष्ट नव्हती.

"करा तुमच्या मनासारखं," ती म्हणाली.

सोमवारी व्यंकोजी अर्ज देऊन दुपारीच घरी आला. मंगळवारी सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवून त्याच्याशिवाय बोम्मसंद्र्याला निघून गेली. उरलेली सगळी रजा त्याने एकदम लावली होती. तो स्टूल घेऊन स्वयंपाकघरात चुलीजवळ बसला.

"अगं, परवा आपण सत्त्याण्णव सालापर्यंत आलो होतो ना? तर अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत काय झालं..."

सोयराबाईने गोष्टीतल्या अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलपर्यंत सोसलं. मग गॅस बंद केला, खिळ्यावरची किल्ली घेतली, बाहेर जाऊन गाडीत बसली, काचा वर केल्या, कप्पा उघडून सदतिसावं गाणं लावलं आणि डोळे मिटले. बासरी. एक श्वास, दोन, तीन, चार.

पाचव्याला पलीकडचं दार उघडलं. व्यंकोजी कॉफीचे दोन पेले सांभाळत ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं.

"बरं केलंस, इथं निवांत आहे," तो म्हणाला. सोयराबाईचा हात कप्प्याकडे जाताना बघून त्याने तो मायेने थोपटला. "राहू दे, बंद नको करूस. तुला आवडतं ते. मी मोठ्याने बोलतो."